पिक्चर कोकणाचा, पण बघायचा कुठे आणि सुटणार कधी?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात सिनेमाच्या पानावर कुठल्या पिक्चरने शनिवार-रविवारात किती कोटी कमावले ते ठळक अक्षरात येतं आणि मला दरवेळी प्रश्न पडतो की हे कोटी वाचून मी करू काय. मला पाहिजे ती माहिती एका ओळीची आहे, पिक्चर किती वेळाचा आहे आणि संध्याकाळचा शो किती वाजता सुटतो. मी देवगड तालुक्यात खाली किनाऱ्याकडच्या गावात राहतो, पिक्चर बघायचा तर हायवेला यावं लागतं, आणि परत जायला वस्तीची गाडी एकच, ती चुकली की स्टँडवर डास मारत बसा नाहीतर कुणाच्या तरी पाहुण्याकडे कडी वाजवा. त्यामुळे आमच्याकडे पिक्चर चांगला की वाईट हा प्रश्न दुसरा येतो, पहिला प्रश्न गाडी मिळणार का.

मी समीक्षक वगैरे नाही, आंब्याचा सीझन नसला आणि हातात चार पैसे असले की मंडळींना घेऊन थिएटरात जाणारा साधा माणूस. पण गेल्या दीड-दोन वर्षात कोकणावरचे, कोकणातले, कोकणाचं नाव घेणारे इतके पिक्चर आले की गप्प बसवेना म्हणून लिहितोय, लांबलं तर कापा, पण एसटीचं तेवढं कापू नका.

सुरुवात धुरंधरपासून करतो कारण सगळ्यात जास्त त्रास त्याने दिला. 5 डिसेंबर 2025 ला लागला, 214 मिनिटांचा, म्हणजे साडेतीन तासाच्या वर चार मिनिटं, त्यात इंटरव्हल, त्यात सुरुवातीच्या पानमसाला आणि सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती, म्हणजे सहाचा शो दहा वाजले तरी सुटत नाही. आम्ही शेवटी चार घरं मिळून भाड्याची गाडी ठरवली, आणि गाडीचं भाडं सगळ्यांच्या तिकिटांपेक्षा जास्त झालं. एसटीने जाताना बायकामंडळींना अर्धं तिकीट पडतं, ती सवलत 2023 पासून आहे, भाड्याच्या गाडीत कसली सवलत आणि कसलं काय. पिक्चर वाईट नाही हां, कराचीतलं ते ल्यारी असं उभं केलंय की पडद्यावरून धूळ अंगावर येते, अक्षय खन्ना नाचत येतो तो प्रसंग सगळ्यांनी आधीच मोबाईलवर पाठ केलेला तरी शिट्ट्या पडल्या. पण मारामारी इतकी रक्तबंबाळ की आमच्या हिने अर्धा पिक्चर पदर तोंडावर घेऊन काढला, आणि ए सर्टिफिकेट असल्यामुळे पोरं घरी, मग पोरांचे फोन चालू, जेवण कुठे ठेवलंय. आणि एवढं बसून शेवटी काय तर दुसरा भाग येतोय म्हणून पाटी. अरे साडेतीन तासात गोष्ट संपत नाही म्हणजे काय? वर्षभर आधी पुष्पा 2 पण 200 मिनिटांचा होता, त्याचीही तीच तऱ्हा. आता वाटायला लागलंय की हे लोक पिक्चर एडिट करायलाच बसत नाहीत, शूट केलं ते सगळं लावतात.

आता कोण म्हणेल की तुम्ही कोकणी माणसं रात्र रात्र दशावतार बघता तेव्हा कुठे घड्याळ बघता. बरोबर आहे, नाही बघत. पण जत्रेत मध्येच उठून चहा मारून येता येतं, भजी खाता येतात, पोरं चटईवर झोपतात, आणि घर चालत जायच्या अंतरावर असतं. शिवाय आख्यान रंगलं नाही तर नट स्वतःच पाणी ओळखून आवरतं घेतो, कारण त्याच्याकडे लिहिलेली संहिता नसतेच, रंगपटात कुणी काय करायचं ते ठरतं आणि शब्द जागच्या जागी येतात. एक बाकडं, पायपेटी, मृदुंग, झांज, एवढ्यावर कैलासही होतो आणि लंकाही होते. पिक्चरमध्ये प्रेक्षक कंटाळलाय हे दिग्दर्शकाला कुठून कळणार.

त्यावरून दशावतार या पिक्चरवर येतो. सुबोध खानोलकरांचा हा पिक्चर 12 सप्टेंबर 2025 ला लागला. तारीख बघा जरा. त्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला आले आणि 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. म्हणजे घराघरात माणसं होती, चाकरमानी होते, खिशात पैसा होता, संध्याकाळी आरती झाल्यावर पोरंटोरं काय करू म्हणून फिरत होती, तेव्हा पिक्चर नाही, आणि सगळे बोजे बांधून मुंबईला गेल्यावर, वर पितृपक्षात, कोकणावरचा पिक्चर कोकणात लागला. तिकडे मुंबई-पुण्यात हाऊसफुल्लच्या बातम्या आणि इकडे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात दुपारचा एक शो, तोही भात पोटरीला आलेला असताना. नंतर चर्चा वाढली तसे शो वाढवले, पण मुंबईचा भाऊ मला फोनवर स्टोरी सांगतो आणि मी इथे जिथली स्टोरी आहे तिथे बसून ऐकतो, हे जरा अतीच झालं. वर्षभर आधीचा घरत गणपती पण तसाच, गणपतीच्या घरातली गोष्ट, आणि लागला जुलैच्या शेवटी, ऐन लावणीत. लावणीत कोण जाणार थिएटरला? तारखा ठरवताना यांच्यात कोणी गावचा माणूस नसतो काय?

पिक्चरबद्दल म्हणाल तर दिलीप प्रभावळकरांसाठी दंडवत. 1944 चा जन्म, म्हणजे पिक्चर आला तेव्हा 81 वर्षांचे, आणि त्या वयात बाबुली मेस्त्री असा उभा केलाय की आमच्या वाडीतले एक म्हातारे, स्वतः तरुणपणी कंपनीत स्त्रीपार्ट करायचे, ते बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "माणूस म्हातारो, पण पायाक ताल आसा हां." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. डोळे जात चाललेत आणि तरी रंग लावायचा सोडवत नाही, मुलगा म्हणतो बास करा, बाप ऐकत नाही, हे आमच्याकडे घरोघरी बघितलेलं आहे. दशावतारी नट आपला रंग आपणच लावतो, आरसा छोटासा, उजेड कसला तरी, आणि अर्ध्या तासात शेजारचा अमका राजा होऊन बसतो. दशावतारी नट लोकराजा सुधीर कलिंगण 2022 मध्ये गेले, त्यांना रंगमंचावर येताना ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पिक्चरमध्ये हा रंग लावायचा भाग आला तेव्हा थिएटरात चक्क कोणी मोबाईल काढला नाही.

खाणीचा विषय आला तेव्हाही तसंच. दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याच्या खाणीचा बांध 2021 च्या जुलैत फुटला आणि लाल चिखल लोकांच्या घरात, बागायतीत शिरला, ते व्हिडिओ इकडे प्रत्येकाच्या फोनवर फिरलेले. त्यामुळे बाहेरच्या माणसाला जी व्हिलनची नेहमीची गोष्ट वाटेल ती आमच्याकडे नेहमीची वाटत नाही, मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच "कळणा" म्हणालं आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

पण सगळं गोड गोड लिहिणार नाही. इंटरव्हलनंतर पिक्चर जरा हिंदीच्या वाटेला लागतो, सूड, पाठलाग, संगीत मोठं, व्हिलन लोक हात चोळून डायलॉग मारतात. पहिल्या अर्ध्यात जो संथपणा होता, देवळाच्या आवारातला, पेट्रोमॅक्स-ट्यूबलाईटचा, तो गेला. आणि मालवणी! काही नट झकास बोललेत, पण काहींची मालवणी दोन वाक्यं चालते आणि तिसऱ्याला पुण्याला जाऊन येते. आता सगळ्या महाराष्ट्राला कळावं म्हणून सोपं करतात हे मान्य, पण मग सरळ प्रमाण मराठी बोला, अर्धवट नको, "गेलो होतो" आणि "गेललंय" एकाच माणसाच्या तोंडात बरं नाही दिसत. आणखी एक, सगळीकडे छापून आलं मराठीतला कांतारा, मराठीतला कांतारा. तुमच्याही पेपरात आलं. कांतारा हा कन्नड पिक्चर मी बघितलाय, 2 ऑक्टोबर 2025 ला आला तो चॅप्टर 1 पण बघितला, हिंदीत डब केलेला, तुळू लोकांचं भूतकोला, म्हणजे देव अंगात यायचा तो नाच, ते लोक ज्या अभिमानाने दाखवतात ते बघून हेवाच वाटतो. पण आमच्याकडे दशावतार शेकडो वर्षं चालू आहे, त्याला कोणाच्या मापाने कशाला मोजता.

कोकणातली भुतं मात्र हिंदीवाल्यांना लई आवडायला लागलीत. मुंज्या बघितला तेव्हा जून महिना, 2024, बाहेर पावसाने झोडपलेलं आणि आत पडद्यावर पिंपळाचं झाड. आदित्य सरपोतदार मराठी माणूस असल्यामुळे मुंज्या म्हणजे काय ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, मुंज झालेला पोरगा सोडमुंजीच्या आधी गेला की पिंपळावर बसतो ही गोष्ट आम्हाला आज्जीने सांगितलेली. सुहास जोशींची आजी अगदी आमच्यातली. मजा आली, पण भूत कॉम्प्युटरवरचं, दोनदा दिसल्यावर भीती गेली, नंतर पोरं त्याला बघून हसायलाच लागली. त्याच्याउलट तुंबाड, 2018 चा, 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तेव्हा पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर बघितला. पहिल्या वेळी फार कोणी गेलं नव्हतं आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला म्हणतात. तो पाऊस बघा. पिक्चरभर पडतो आणि एकदाही छान दिसत नाही, ओला, कुबट, अंगाला चिकटणारा, तसाच असतो तो इथे जुलैत. पर्यटन खात्याच्या जाहिरातीतला हिरवागार पाऊस बघून बघून आम्ही कंटाळलोय, तुंबाडने खरा दाखवला.

छावाबद्दल बोललो तर लोक अंगावर येतील पण बोलतो. विकी कौशलने जीव तोडून काम केलंय, शेवटची पाऊण तास बघवत नाही, बायका मुसमुसत होत्या, पोरं बाहेर आल्यावर घोषणा देत होती. लक्ष्मण उतेकरांचं कौतुकच. पण संगमेश्वर आमच्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, 1689 मध्ये महाराज तिथे पकडले गेले, आणि येसूबाई शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक, म्हणजे माहेर त्याच तालुक्यातलं. त्या बाईने पुढे किती वर्षं मोगलांच्या कैदेत काढली. एवढी मोठी बाई, आणि पिक्चरमध्ये तिला ओवाळायला आणि वाट बघायलाच ठेवलंय, वर रश्मिकाचे उच्चार असे की शृंगारपूर कानडी मुलखात आहे की काय असं वाटावं. पिक्चर हिंदी होता हे धरून बोलतोय. आणि आवाज! ढोल, तलवारी, आरोळ्या, सगळं एकदम. थिएटरवाल्याने पण आवाज सगळा वर ठेवलेला, शेजारचे काका म्हणाले "कानाक दडे बसले." औरंगजेब झालेला अक्षय खन्ना मात्र हळू बोलला, आणि त्याचंच बोलणं नीट ऐकू आलं आणि लक्षात राहिलं. ह्यातून बाकीच्यांनी काय घ्यायचं ते घ्या.

माझा सगळ्यात आवडता मात्र एप्रिल मे 99. रोहन मापुस्करांचा. तीन पोरं, कोकणातली उन्हाळ्याची सुट्टी, सायकली, एक मुंबई-पुण्याकडची मुलगी येते, बस. मोठी गोष्टच नाही. आणि तरी मला जागचं हलवेना, कारण 99 साली मी पण त्याच वयाच्या आसपास होतो, फोन म्हणजे एसटीडी बूथ, आणि दुपारच्या वेळी घरातली मोठी माणसं झोपली की राज्य आमचं. पण याचंही नशीब बघा. 23 मे 2025 ला लागला. आणि 25 मे ला पाऊस देवगडात दाखल, खुद्द हवामान खात्याने देवगडचं नाव घेऊन सांगितलं. मे महिन्यातच झाडावरचे शेवटचे आंबे पाण्यात, आम्ही सगळे ताडपत्र्या ओढण्यात, आणि थिएटरात उन्हाळ्याच्या सुट्टीचा पिक्चर चालू. आम्ही गेलो तेव्हा आत मोजकी माणसं, पत्र्यावर पाऊस इतका की डायलॉग ऐकू येईना, पण काय सांगू, ओल्या कपड्यांनी बसून तो उन्हाळा बघायला वेगळीच मजा आली. हाच पिक्चर एप्रिलच्या शेवटी शाळा सुटल्यावर लावला असता तर चाकरमान्यांची पोरं रांगा लावून बसली असती.

1 मे 2025 चा आता थांबायचं नाय पण छान होता. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी करतात. आमच्याकडच्या प्रत्येक घरातला कोणी ना कोणी मुंबईत गिरणीत नाहीतर महापालिकेत होता, त्यामुळे भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव हसवतात तिथे पण गळा दाटतो. आणि 2026 च्या सुरुवातीला आलेला हेमंत ढोमेंचा क्रांतिज्योती विद्यालय, मराठी शाळा वाचवायची गोष्ट. आमच्या वाडीतल्या शाळेचा पट एका हाताच्या बोटांवर आलाय, मास्तर रोज धाकधुकीत, त्यामुळे जास्त काही लिहीत नाही, बघा.

आता राहिला स्क्रीनचा विषय. 2025 च्या जुलैत सैयारा आला आणि त्याच दिवशी लागलेला ये रे ये रे पैसा 3 याचे शो कमी करून सैयाराला दिले म्हणून मुंबईत ओरड झाली. सैयारा मी भाचीच्या हट्टाने बघितला, गाणी चांगली, पोरं-पोरी रडत होती, मला रडू आलं नाही पण कंटाळाही आला नाही. मुद्दा तो नाही. 2015 मध्ये विनोद तावडे मंत्री असताना मल्टिप्लेक्सना मराठी पिक्चर प्राईम टाईमला लावायची सक्ती जाहीर झाली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, मग ठरलं की प्राईम टाईम म्हणजे दुपारी 12 ते रात्री 9. दुपारी बाराला प्राईम टाईम! कामधंदा करणारा कुठला माणूस सोमवारी दुपारी बाराला पिक्चर बघतो? आणि हे झालं शहरातलं, मल्टिप्लेक्सचं. आमच्याकडे एका पडद्यावर चार भाषांचे पिक्चर भांडतात, त्यात ज्याच्या नावाने गर्दी होईल तो जिंकतो, थिएटरवाल्याला पण लाईटबिल भरायचंय, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. त्यामुळे दशावतारच्या पुढच्याच आठवड्यात आलेला साबर बोंडं, रोहन कानवडेंचा, अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला ज्युरीचं सर्वात मोठं बक्षीस मिळवून आलेला मराठी पिक्चर, आमच्याकडे आलाच नाही. मला तो आवडला असता की नसता ते पुढचं, पण अमेरिकेतल्या माणसाने बघितला आणि मी नाही.

यावर लोक म्हणतात घरी बघा, दोन महिन्यात ओटीटीवर येतो. येतो, आणि बघतोही. आमिर खानने तर सितारे जमीन पर सरळ यूट्यूबवर शंभर रुपयात लावला, आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून शंभरात बघितला, हिशोब म्हणाल तर याच्यासारखं स्वस्त काही नाही. मध्येच लाईट गेली ती गोष्ट वेगळी. पण घरी बघताना आई मध्येच कुकरच्या शिट्ट्या मोजते, कोणीतरी दारात येतं, मासेवाली हाक मारते, पिक्चर चार तुकड्यात होतो. दशावतार मध्ये सगळं थिएटर एकदम गप्प झालं ते घरी कसं होणार. तिकीटही काही फार स्वस्त झालं नाही, 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 12 चा 5 टक्के केला, पण शंभराच्या आतलं तिकीट आता उरलंय कुठे, त्याच्या वर 18 आहेच.

तर मागणी अशी. सिनेमाच्या पानावर कोटींची ती चौकट राहू दे हवी तर, पण तिच्या खाली आमच्या जिल्ह्यातल्या थिएटरांत काय लागलंय, किती मिनिटांचा आहे, पोरांना नेता येतो की नाही आणि शो किती वाजता सुटतो एवढं छापा. जागा नसेल तर राशीभविष्य दोन ओळी कमी करा. निर्मात्यांपैकी कोणी वाचत असेल तर कोकणावरचा पिक्चर गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी नाहीतर एप्रिलच्या शेवटी लावा, गर्दीची जबाबदारी आमची. आणि थिएटरवाल्यांना एवढंच सांगणं की रविवारी दुपारी अडीचचा एक शो मराठीला द्या, तो साडेपाचच्या आत सुटतो, चहा घेऊन सुद्धा गाडी मिळते.

आपला,
एक प्रेक्षक, देवगड तालुका